सालवनातल्या धावपट्ट्या : खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, छर्रा

१५ जून १९४४ च्या रात्री जपानच्या क्यूशू बेटावरच्या यावाता पोलाद कारखान्यावर अमेरिकेच्या बी-२९ या लांब पल्ल्याच्या अवजड बॉम्बर विमानांनी बॉम्ब टाकले. एप्रिल १९४२ मधल्या अमेरिकन वैमानिक डूलिटलच्या धाडीनंतर जपानच्या मुख्य बेटांवर झालेला हा पहिला हवाई हल्ला. विमानं उडाली चीनमधल्या चेंगडूहून. पण चेंगडू हा नुसता थांबा होता. त्यांचं खरं ठाणं, म्हणजे दुरुस्ती, दारूगोळा, पेट्रोल, तंबू, खानावळ, सगळं आपल्याकडे होतं. खरगपूरच्या आजूबाजूला, आजच्या पश्चिम बंगाल आणि झारखंडच्या सीमेवर.

हे बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि तेव्हापासून तिकडे जायचं मनात होतं. या पट्ट्यात युद्धकाळातल्या इतक्या धावपट्ट्या आहेत की सगळ्या बघायच्या म्हटलं तर महिना लागेल. मी बी-२९ शी संबंध असलेल्या तेवढ्याच निवडल्या. भाचा आयआयटी खरगपूरला शिकतो, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. होळीनंतर लगेच निघालो. एप्रिल लागला की तिथल्या उन्हात उघड्या काँक्रीटवर उभं राहणं शक्य नाही, असं त्यानेच बजावलं होतं.

पहिला दिवस : खरगपूर आणि हिजली

नागपूरहून गीतांजलीने खरगपूरला उतरलो. आम्हा नागपूरकरांना हा मार्ग घरचाच, जुनी बंगाल नागपूर रेल्वे. युद्धाच्या दृष्टीनेही या रेल्वेला फार महत्त्व होतं. कलकत्त्याच्या गोदीत उतरलेला माल थेट इथवर यायचा. जमीन सपाट, पाणी मुरणारी लाल मुरमाड माती, आणि १९४२-४३ मध्ये बांधलेल्या धावपट्ट्या आधीच तयार. त्या वाढवायच्या आणि जाड करायच्या, एवढंच बाकी होतं. कलकत्त्याजवळच्या बजबजच्या तेलगोदीपासून विमानाच्या पेट्रोलसाठी पाइपलाइनही टाकली गेली.

स्टेशनवरून सरळ हिजलीला गेलो. ही इमारत बघितल्याशिवाय पुढच्या कुठल्याही धावपट्टीला अर्थ नाही, असं माझं मत आहे. इंग्रजांनी इथे राजबंद्यांना ठेवायला छावणी केली होती. १६ सप्टेंबर १९३१ ला पहारेकऱ्यांनी निःशस्त्र बंद्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त गेले. सुभाषबाबू त्यांचे देह न्यायला आले होते. रवींद्रनाथांनी जाहीर निषेध केला. १९४२ मध्ये छावणी शेवटची बंद झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांत याच इमारतीत अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचं, म्हणजे या बी-२९ विमानांच्या दलाचं, मुख्यालय आलं. आधी ब्रिगेडियर जनरल केनेथ वुल्फ, आणि ऑगस्ट १९४४ अखेरपासून कर्टिस लेमे. पुढे टोकियो जाळणारा तोच लेमे. १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली, तीही इथेच.

आता तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. भाचा रोज त्या रस्त्याने सायकलवर जातो. त्याला तुरुंगाचा इतिहास पाठ होता, बॉम्बर कमांडचा नव्हता. "मामा, म्हणजे जपानवर कुठे बॉम्ब टाकायचे ते या खोल्यांत बसून ठरवायचे?" त्याने विचारलं. लक्ष्यं वॉशिंग्टनहून ठरून यायची. पण विमानं किती, पेट्रोल किती, कुणी जायचं, ते इथेच ठरायचं. तो बराच वेळ त्या लांब भिंती आणि मनोऱ्याकडे बघत होता.

संध्याकाळी कलाईकुंड्याच्या बाजूला गेलो. तिथला तळ जिवंत आहे, भारतीय हवाई दलाचा, त्यामुळे बाहेरूनच. ७ सप्टेंबर १९६५ ला ढाक्याहून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांनी याच तळावर हल्ला केला होता आणि फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक यांनी हंटर विमानातून त्यांना गाठलं होतं. ती झुंज खरगपूरकरांनी डोक्यावर बघितली. दूधकुंडीचं तसंच. एके काळी बी-२९ चा तळ, आता हवाई दलाचं सरावाचं क्षेत्र. आत जायचा प्रश्नच नाही आणि जाऊही नये.

दुसरा दिवस : चाकुलिया

सकाळच्या लोकलने टाटानगरच्या दिशेने निघालो. झाडग्राम गेलं की सालाची झाडं रुळापर्यंत येतात. गिधनीनंतर झारखंड लागतं आणि मग चाकुलिया. स्टेशनबाहेर बांबूच्या मोळ्या रचलेल्या होत्या. हे गाव बांबूच्या व्यापारासाठीच ओळखलं जातं. तिथून रिक्षा केली. रिक्षावाल्या दादांना "एरोड्रम" म्हटल्यावर पत्ता सांगावा लागला नाही.

खरगपूर भागातल्या तळांवर बी-२९ पहिल्यांदा उतरलं ते इथे. २ एप्रिल १९४४, चालवत होते कर्नल लेनर्ड हारमन. कॅन्सासहून निघालेली विमानं अटलांटिक ओलांडून माराकेश, कैरो, कराची अशी येत होती. हे विमान तेव्हा इतकं नवं होतं की त्याच्या चाचण्याही धड पुऱ्या झाल्या नव्हत्या. राइट कंपनीची आर-३३५० इंजिनं तापायची आणि पेट घ्यायची. कराचीच्या आसपास काही विमानं पडली तेव्हा सगळ्यांनाच काही दिवस जमिनीवर थांबवावं लागलं. आणि अशी इंजिनं घेऊन ती आली कुठे, तर चाकुलियाच्या या सिंहभूम मुलखातल्या एप्रिलमध्ये. दुपारी पत्र्याला हात लावता येत नसे, म्हणून दुरुस्तीची कामं पहाटे आणि रात्री चालायची.

धावपट्टी समोर आली तेव्हा प्रथम तिची लांबीच अंगावर आली. दुसरं टोक उन्हाच्या झळांत दिसेनासं झालेलं. मधे गुरं चरत होती. दोन मुलं मोटरसायकल शिकत होती. एका कडेला मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोडूस, आंबूस वास सगळीकडे. बी-२९ साठी या पट्ट्या सहा हजार फुटांवरून साडेसात हजार फुटांवर नेल्या होत्या. भरलेलं विमान साठ टनांच्या घरात जायचं.

एका ठिकाणी कडेचा स्लॅब खचून फुटला होता. तिथे बसून मी नीट बघितलं. जाडी माझ्या वितीपेक्षा थोडी जास्त. आतली खडी दोन प्रकारची होती: काही हाताने फोडलेली, धारदार कडांची, आणि काही नदीतले गुळगुळीत गोटे. दोन्ही एकाच सिमेंटमध्ये पक्के बसलेले. वरचा थर पावसाने झिजून गोट्यांची डोकी उघडी पडली आहेत, त्यामुळे लांबून गुळगुळीत वाटणारी धावपट्टी हाताला खरखरीत लागते. स्लॅबच्या सांध्यांत पूर्वी डांबर भरलेलं असणार. आता तिथे सरळ रेषेत गवत उगवलंय आणि त्या रेषांवरून एकेका स्लॅबचा आकार मोजता येतो. भाच्याने पावलांनी दोन-तीन मोजले आणि वहीत आकृती काढली.

ही खडी कुणी फोडली? खरगपूर भागातल्या या तळांच्या कामावर सुमारे ६,००० अमेरिकन सैनिक आणि सुमारे २७,००० भारतीय मजूर होते, एवढा आकडा अमेरिकन इतिहासात मिळतो. सैनिकांच्या तुकड्यांचे क्रमांक मिळतात, अधिकाऱ्यांची नावं मिळतात, विमानांच्या नाकावर रंगवलेली टोपणनावंसुद्धा मिळतात. २७,००० हा मात्र आकडाच राहतो. मुलूख संथाल, मुंडा, भूमिज, महातो अशा लोकांचा, तेव्हा कामावर कोण असेल याचा अंदाज करता येतो. आणि काळ बघा. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरच्या, म्हणजे खरगपूर ज्यात येत होतं त्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेलं होतं. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ, ज्यात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली. त्यातही मेदिनीपूर सर्वांत जास्त भरडलेल्या जिल्ह्यांपैकी. त्या उपासमारीच्या लगेच पुढच्या हिवाळ्यात हे काम निघालं. पोटाला दोन वेळ मिळण्यासाठी माणूस किती पाट्या वाहायला तयार होईल, हे मला त्या फुटक्या स्लॅबपाशी बसल्यावर पहिल्यांदा नीट जाणवलं.

मोहाची फुलं उलटीपालटी करणाऱ्या एक वयस्क बाई तिथे होत्या. भाच्याने त्यांना "माशी", म्हणजे बंगालीत मावशी, म्हणून हाक मारली आणि बंगालीत बोलायला लागला. त्यांच्या सासूबाई इथे डोक्यावरून खडी वाहायच्या, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई सांगायच्या की रात्रीसुद्धा दिवे लावून काम चाले, आणि विमान उडताना घरातली भांडी वाजत. "मजुरी किती मिळायची?" मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. "भात मिळायचा," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

५ जून १९४४ ला या सगळ्या तळांवरून मिळून ९८ बी-२९ पहिल्या मोहिमेवर निघाली. लक्ष्य बँकॉकमधलं मक्कासानचं रेल्वे वर्कशॉप. ७७ विमानांनी बॉम्ब टाकले. पाच विमानं गेली, तीही शत्रूच्या गोळ्यांनी नव्हे, अपघातांत. चाकुलियाच्या वाट्याला आणखी एक वाईट दिवस आला तो १४ जानेवारी १९४५. विमानातून बॉम्ब उतरवताना स्फोट झाला आणि जमिनीवर काम करणारी माणसं मेली.

या पट्टीची एक दुसरी हकीकतही आहे, ती बांगलादेशात जास्त माहीत आहे. १९७१ मध्ये चाकुलियात मुक्तिवाहिनीचं, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांचं, प्रशिक्षण शिबिर होतं. तिथून शिकून गेलेले तरुण सीमेपलीकडे लढले. त्याचीही इथे एखादी पाटी असायला हवी.

परतताना रिक्षावाले दादा घाई करत होते. या भागात अंधार पडला की हत्तींची भीती असते, आणि ते सांगतात तेव्हा ऐकावं.

तिसरा दिवस : पियारडोबा, जाता जाता विष्णुपूर

खरगपूरहून बांकुड्याच्या गाडीने निघालो. वाटेत सालबोनी लागतं. तिथेही युद्धकाळात विमानतळ होता, आज नोटांचा छापखाना आहे. गडबेता गेलं की पुन्हा जंगल, आणि मग पियारडोबाचं छोटंसं स्टेशन.

इथली पट्टी चाकुलियासारखी एका नजरेत मावत नाही. साल आणि निलगिरीच्या झाडांतून चालताना अचानक पायाखाली काँक्रीट येतं, पुन्हा माती येते, पुन्हा काँक्रीट. विमानं पांगवून उभी करायची गोल फरसबंदी एका ठिकाणी शाबूत आहे. तिच्या मधोमध सालाचं एक झाड फरशी फोडून वर आलंय. पायवाटेने सायकलवरून पानांच्या मोळ्या चालल्या होत्या. पत्रावळीला लागणारी सालाची पानं.

इथे ४६२ वा बॉम्बर गट होता. त्यातलं 'रॅम्प ट्रॅम्प' हे विमान २९ जुलै १९४४ ला मांचुरियातल्या अनशान पोलाद कारखान्यावर गेलं, इंजिन बिघडलं आणि रशियात व्लादिव्होस्तोकला उतरलं. रशिया तेव्हा जपानशी युद्धात नव्हता. त्याने वैमानिकांना पुढे सोडून दिलं, विमान मात्र ठेवून घेतलं. त्या वर्षात अशी आणखी दोन धड विमानं त्यांच्या हाती लागली, ती खरगपूरच्या ४६८ व्या गटाची. त्यांतलं एक सुटं करून, पत्र्यान् पत्रा मोजून, रशियन विमानरचनाकार तुपोलेवच्या कारखान्याने त्याची नक्कल केली. तेच तू-४. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोजवळ तुशिनोला तशी विमानं उडताना दिसली, तेव्हा अमेरिकेला कळलं की आता रशियाकडेही लांब पल्ल्याचं बॉम्बर आहे. शीतयुद्धाच्या या मोठ्या धाग्याचं एक टोक बांकुडा जिल्ह्यातल्या या रानात आहे. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने आसपासची झाडं पुन्हा एकदा नीट बघून घेतली.

चेंगडूपर्यंतचं गणित मात्र मला तिथे चालताना छळत राहिलं. इथून चेंगडू सुमारे १,२०० मैल, मधे हिमालयाच्या पूर्व टोकाचे डोंगर, ज्याला वैमानिक 'हंप' म्हणत. चीनमध्ये पेट्रोल नव्हतं. प्रत्येक थेंब इथून उडवत न्यायचा. एका बी-२९ ला चेंगडूहून एकदा जपानवर जाता यावं म्हणून सहाएक खेपा पेट्रोल आणि बॉम्ब वाहून साठवावे लागत. चेंगडूच्या धावपट्ट्यांसाठी तीन लाखांहून जास्त चिनी शेतकरी राबले, हाताने दगड फोडून आणि माणसांनीच जड रोलर ओढून. एवढं सगळं करून यावाताच्या पहिल्या हल्ल्यात ४७ विमानांनी बॉम्ब टाकले आणि कारखान्यात जेमतेम एक बॉम्ब पडला.

लष्करी इतिहास लिहिणारे या मोहिमेला अपयशी म्हणतात आणि कारण देतात पुरवठ्याचं. मला ते पुरेसं वाटत नाही. चीनला सोबत ठेवायचं, जपानवर हल्ला झाला हे जगाला दाखवायचं, अशी राजकीय घाई यामागे होती. तिची किंमत विमानात मेलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी मोजली आणि अर्धपोटी खडी फोडणाऱ्यांनीही. १८ डिसेंबर १९४४ ला याच तळांवरची ८४ विमानं चेंगडूहून जपानच्या ताब्यातल्या हँकाऊ या चिनी शहरावर आगलावे बॉम्ब घेऊन गेली. शहराच्या नदीकाठचा मोठा भाग जळाला. त्यानंतर तीन महिन्यांनी लेमेने टोकियोवर तेच केलं, किती तरी पट मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे या पट्ट्यांचा इतिहास सांगताना नुसतं कौतुक करता येत नाही. मला तरी नाही करता आलं.

दुपारनंतर विष्णुपूर. मल्ल राजांची पक्क्या विटांची मंदिरं, रासमंच, जोडबांगला. त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, जरूर वाचा आणि जरूर बघा. जोडबांगल्याच्या भिंतीवरचे नावा आणि शिकारीचे नक्षीपट माझ्या विशेष आवडीचे. रात्री बांकुड्याला मुक्काम केला.

चौथा दिवस : छर्रा

बांकुड्याहून आद्रा, आणि आद्र्याहून पुरुलियाच्या अलीकडे छर्रा. मार्चमधला पुरुलिया पळसाने पेटलेला असतो. आपल्याकडेही पळस आहे, पण माळच्या माळ असे मी विदर्भातसुद्धा क्वचितच पाहिले आहेत.

दूधकुंडीचं काम पुरं झालं नव्हतं म्हणून ४४४ वा गट आधी इथे उतरवला. एप्रिल ते जुलै १९४४, बस. काही महिन्यांसाठी एवढी पट्टी. पावसाळा लागला आणि ते दूधकुंडीला गेले. बाकीच्या तळांचंही आयुष्य फार नव्हतं. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने पॅसिफिक महासागरातली मारियाना बेटं घेतली. तिथून टोकियो सुमारे १,५०० मैल आणि पेट्रोल थेट जहाजाने येणारं. हंप ओलांडायची गरजच उरली नाही. जानेवारी १९४५ मध्ये चेंगडू सोडलं, मार्चअखेर सिंगापूरजवळच्या तेलाच्या टाक्यांवर इथून शेवटची मोहीम गेली आणि सगळे गट मारियानातल्या टिनियन बेटावर हलले. ४९ मोहिमा आणि पुरतं एक वर्षही नाही.

छर्र्याची पट्टी मोकळ्या माळावर आहे. उन्हात पांढरी पडलेली, पण अजून चांगली शाबूत. सकाळी गावातले लोक फिरायला येतात. सैन्यभरतीची तयारी करणारी दहा-बारा मुलं पळत होती, त्यांतला एक घड्याळ धरून मोठ्याने आकडे ओरडत होता. गावात जुन्या जैन परंपरेतली दोन दगडी देवळं उभी आहेत. हजारेक वर्षांपूर्वीची असावीत. तिथले दगड घडवणाऱ्यांचीही नावं आपल्याकडे नाहीत, पण त्या देवळांची निदान सरकारदरबारी आणि अभ्यासकांकडे नोंद तरी आहे. धावपट्टीची तेवढीही दखल मला कुठे दिसली नाही. पाटी नाही, दगड नाही.

इथे पुन्हा प्रवासी विमानतळ करायचं बोलणं अधूनमधून निघत असतं. चाकुलियाजवळच्या धालभूमगडच्या जुन्या युद्धकाळातल्या पट्टीवर तर २०१९ मध्ये नव्या विमानतळाचा शिलान्यासही झाला, पण वनजमीन आणि हत्तींचा वावर यांमुळे काम अडलं. भाच्याचं म्हणणं, पुरुलियासारख्या मागे पडलेल्या जिल्ह्याला विमानतळ मिळालाच पाहिजे. माझी हरकत नाही. पण जेसीबी लागण्याआधी या पट्ट्यांची मोजमापं, नकाशे आणि फोटो व्हायला हवेत. त्याहून निकडीचं म्हणजे आसपासच्या गावांत बसून, ज्यांच्या आईबापांनी किंवा सासूसासऱ्यांनी इथे पाट्या वाहिल्या, त्यांच्याकडून ऐकून घ्यायला हवं. ती पिढीही आता सत्तरी-ऐंशीत आहे.

पुरुलिया स्टेशनवर गाडीची वाट बघताना भाचा म्हणाला, त्याच्या वसतिगृहात झाडग्रामकडची दोन मुलं आहेत, घरी संथाली बोलतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना घेऊन चाकुलियाला जायचं, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, असं त्याने डोक्यात घेतलंय. सुरुवात मोहाची फुलं वाळवणाऱ्या माशींपासून करायची, कारण त्यांच्या शेजारच्या दोन घरांतही अशा आठवणी असल्याचं त्यांनी निघताना सांगितलं होतं. मी त्याला प्रश्नांची यादी करून देतो आहे. पहिला प्रश्न मजुरीचा.